नेपाळातलं नवरात्र

नेपाळला जायचं ठरलं तेव्हा आईने सगळ्या आळीत सांगितलं की कुसुम देवाला चालली आहे. खोटं बोलायचा तिचा विचार नव्हता, तिला खरोखर तसंच वाटत होतं. आमच्या घरातलं कुणी लांब गेलं तर ते गावाला जाई नाहीतर देवाला. तिकडे महादेवाचं मोठं देऊळ आहे एवढं तिने कुणाकडून तरी ऐकलं होतं आणि तेवढ्यावर तिने माझी यात्रा पक्की करून टाकली. आबा वाशीच्या मार्केटात माथाडी होते. घरी आले की पाठीवर घ्यायचं गोणपाट दारातल्या खिळ्याला अडकवायचे, पाय धुवायचे, चहा घ्यायचे आणि त्यानंतरच काय ते बोलायचे. दोन दिवस नुसता चहा झाला. मग एका संध्याकाळी कप खाली ठेवून म्हणाले, "डोंगर चढायला एवढं लांब जायचं? मग आपण गाव कशापायी सोडलं?" आमचं गाव साताऱ्याकडे, चारी बाजूंनी डोंगर. त्या डोंगरातून खाली उतरून पोट भरायला ते इथे आले होते, आणि त्यांची मुलगी परत डोंगराकडे निघाली होती, तीही दुसऱ्याच देशातल्या.

कोपरखैरण्यातलं आमचं घर म्हणजे एक खोली आणि मागे ओट्यापुरती जागा. वर सिमेंटचे पत्रे. सकाळी आजूबाजूच्या सगळ्या घरांतले स्टोव्ह एकदमच पेटायचे, तेव्हा पंप मारण्याचा आवाज भिंतींतून एकात एक मिसळून यायचा. आमच्या घराला कांद्याचा वास होता. आबांच्या कपड्यांतून तो अंथरुणात, अंथरुणातून आमच्या केसांत जायचा. आम्हाला तो कळतही नसे. नवरात्रात तेवढा तो वास बदलायचा. देवाच्या कोपऱ्यात आई परडीत काळी माती घालून त्यात धान्य पेरायची, मधोमध मातीचा घट ठेवायची आणि वरून रोज एक माळ सोडायची. नऊ दिवस तेलाचा दिवा. त्या दिवसांत घरात ओल्या मातीचा, झेंडूचा आणि तेलाचा वास असे, आणि परडीतून पिवळट हिरवी पाती वर येताना मी रोज वाकून बघत असे. कालपेक्षा आज किती वाढली ते बघायची मला फार उत्सुकता. आई म्हणायची, सारखं बघू नकोस, लाजतील ती. मला ते खरं वाटायचं, कारण मी स्वतः तशीच होते. कुणी बघितलं की माझं वाढणं थांबायचं.

माझे पाय उशिरा चालू लागले. माझ्या बरोबरीची मुलं गल्लीत पळायला लागली तरी मी बसून सरकत होते. डॉक्टर झाले, झाडपाला झाला, मग आईने गावच्या देवीला शब्द दिला, की पोर चालती होऊ दे, लग्न होईपर्यंत नवरात्राचे नऊ दिवस ती पायात काही घालणार नाही. पुढे मी चालू लागले. डॉक्टरांच्या औषधाने की देवीच्या कृपेने, ते आजही मला सांगता येणार नाही. आईला मात्र ठाऊक होतं. म्हणून दरवर्षी घट बसले की माझ्या चपला पलंगाखाली जात आणि दसऱ्याला पूजा करून बाहेर निघत. आमच्याकडे नवरात्रात अनवाणी चालणारे पुष्कळ असतात, त्यामुळे त्यात कुणाला नवल वाटत नसे. मीही कधी विचार केला नव्हता.

चौथीनंतर माझी शाळा सुटली. पाठची भावंडं सांभाळायची होती. ती मोठी झाल्यावर वसाहतीतल्या युवक मंडळात शिवणाचा वर्ग निघाला, तिथे मी जाऊ लागले. मंडळ चालवणारे मोहनदादा बँकेत नोकरीला होते आणि सुट्टी मिळाली की मुलांना गड-किल्ल्यांवर घेऊन जात. शिवणाच्या वर्गात रुबिना होती. ती उरणची, कोपरखैरण्यात मामाकडे राहून कॉलेज करायची. मी जितकी गप्प तितकी ती बोलकी, म्हणूनच बहुतेक आमचं जमलं. मोहनदादांनी नेपाळच्या डोंगरात शिबिर काढलं तेव्हा रुबिनाचं नाव पहिलं होतं. तिचे अब्बा म्हणाले, बरोबर दुसरी मुलगी असेल तरच पाठवीन. रुबिनाने सगळ्या मुलींना विचारलं. शेवटी ती माझ्याकडे आली. मी 'नाही' म्हणेन असं तिने गृहीतच धरलं होतं. मलाही तसंच वाटत होतं. पण तिने बर्फाचं नाव काढलं. बर्फ मी मासळीच्या गाडीवर पाहिला होता, भुशात गुंडाळलेला. तो जमिनीवर आपोआप पडलेला कसा दिसत असेल, पाय ठेवला तर वाजत असेल का, त्याला वास असेल का, हे डोक्यात शिरलं ते निघेना. मी हो म्हणाले. आईने परवानगी देताना एकच अट घातली. घट बसतील त्याच दिवशी गाडी होती. "जायचं तर जा, पर पाय उघडं ठेवून जा. शबूद माझा हाय."

मंडळाने सगळ्यांना कॅनव्हासचे बूट घेतले होते. माझे मी पिशवीत ठेवले आणि अनवाणीच गाडीत बसले. मोहनदादांनी बघितलं आणि हसून म्हणाले, चालेल, डोंगर लागला की घाल.

परदेश म्हणजे समुद्राच्या पलीकडे काही असेल असं माझ्या मनात होतं. इथे तर रस्त्यात एक कमान आली आणि सायकल रिक्षावाला म्हणाला, पलीकडे सोडू का. कमानीच्या अलीकडे जी धूळ तीच पलीकडे. मी मुद्दाम मागे वळून पाहिलं, कुठे काही रेघ दिसते का म्हणून. पण पुढे बस वर वर चढू लागली तसं सगळं बदलत गेलं. शेतं पायऱ्यांसारखी डोंगरावर चढलेली, आणि त्यात नाचणी. आमच्या गावची नाचणी, तशीच बोटं वळवलेली कणसं. मी रुबिनाला हाताला धरून दाखवली. ती म्हणाली, "अगं, एवढं लांब येऊन तुला नाचणी दिसते?" पण मला त्याचंच नवल वाटत होतं. ती इथे कशी आली असेल? कुणी आणली असेल की इथूनच आमच्याकडे गेली असेल?

मग चालणं सुरू झालं. वाट दगडी पायऱ्यांची होती, ऊन लागून कोमट झालेली. माझ्या पायांना काहीच कठीण वाटलं नाही, उलट बूट घालून आलेल्या मुलांच्या टाचा सोलवटल्या. तिथल्या बायका पाठीवर मोठाल्या टोपल्या घेऊन चढायच्या, आणि टोपलीचा पट्टा कपाळावर. सगळा भार मानेवर. मी त्यांच्या मागून चालत तो पट्टा नीट कुठे टेकतो ते बघायची. घरी गेल्यावर आबांना सांगायचं म्हणून मनात ठेवत होते. रात्री तंबू, रॉकेलच्या स्टोव्हवर खिचडी. वर वर गेलो तशी ती शिजेना. डाळ कितीही उकळली तरी दाताखाली करकरायची. तळवलीचा हरेश म्हणून एक मुलगा होता, आगरी, सगळ्यांची थट्टा करणारा. तो माझ्या पिशवीकडे बोट दाखवून म्हणायचा, "तुजं बूट आत बसून फुकटचं नेपाल बगतात. त्यांना जरा चालव." मी हसायची. उत्तर द्यायला जमायचं नाही.

आता माझी नात मैत्रिणींबरोबर डोंगरात जाते. तिचे बूट एवढे जड की मला एका हाताने उचलत नाहीत. मोबाइलवर ती मला फोटो दाखवते, आणि सगळे डोंगर सोडून मी आधी माणसांच्या पायांकडे बघते. तिला याचं हसू येतं. का ते तिला मी सांगितलेलं नाही. इथे लिहिते आहे.

शेवटच्या वस्तीवर पोचलो त्या दुपारी वर बर्फ पडला होता. वस्तीच्या मागे एक मोठा डोंगर आडवा होता, त्यामुळे खालून काही दिसत नव्हतं, पण वरून येणारा वारा वेगळा लागत होता. दुसऱ्या दिवशी पहाटे निघून खिंडीपर्यंत जायचं, बर्फ बघायचा आणि संध्याकाळी परत यायचं असं ठरलं होतं. आमच्या नेपाळी वाटाड्याने सांगितलं की खिंडीच्या अलीकडेच बर्फ घोट्याएवढा आहे. अंधार पडायच्या आधी मोहनदादांनी सगळ्यांना तंबूंच्या मधे बसवलं, सूचना दिल्या आणि शेवटी माझ्याकडे वळले.

"कुसुम, उद्या बूट."

मी मान खाली घातली. ते म्हणाले, इथवर मी काही बोललो नाही, इथली माणसंही अनवाणी चालतात. बर्फात तसं चालत नाही. बोटं काळी पडतात, कधी कधी कापावी लागतात. "मला तुझ्या आबांना तोंड दाखवायचंय. बूट घातले तर ये. नाहीतर खाली थांब."

सगळे माझ्याकडे बघत होते. एरवी मी उठून गेले असते. पण आपण हट्टी आहोत असं यांना वाटेल, याची मला बोलण्यापेक्षा जास्त लाज वाटली. मी जमिनीकडे बघत सगळं सांगितलं. पाय कसे चालत नव्हते, आईने काय शब्द दिला, दसरा परवा आहे, हे सगळं. एवढे शब्द एका दमात मी चार माणसांत कधी बोलले नव्हते. एक मुलगा म्हणाला, मग एक दिवस थांबू आणि दसऱ्यालाच वर जाऊ. वाटाड्याने मान हलवली. त्यांच्याकडेही तोच सण होता, दसऱ्याच्या दिवशी त्याला खालच्या गावी घरी पोचायचं होतं. त्याला सणाला अडवून ठेवणं मलाच बरं वाटलं नसतं.

मग रुबिना बोलली. "आमच्यात रोजा असतो ना, प्रवासात असलं तर सूट असते. घरी जाऊन तो दिवस भरून द्यायचा. तूही तसं कर. उद्या घाल, आणि दसऱ्यानंतर एक दिवस जास्त अनवाणी चाल. हिशोब बरोबर."

"देवी काय मस्टर घेऊन बसली हाय?" हरेश म्हणाला, पण चेष्टेने नाही, माझ्या बाजूने.

ते मला पटलं, खोटं का सांगू. फार सोपी वाट होती. तसं चालतं की नाही हे फक्त आईच सांगू शकली असती, आणि तिला विचारायला आमच्या आळीत फोन नव्हता. आणि विचारलं नाही तरी तिला कोण सांगणार होतं? बर्फ हाताच्या अंतरावर होता, तो माझ्या आयुष्यात परत येणार नव्हता हे मला माहीत होतं. माझ्या लग्नाचं बोलणं घरात सुरू झालेलं होतं. मी पिशवीतून बूट काढून मांडीवर घेतले, नाडी सोडली, आत हात घालून बघितला. मग मला वाटलं, रुबिना आपला रोजा स्वतः धरते, म्हणून तो पुढे ढकलायचा हक्क तिला आहे. हा शब्द मी दिलेला नाही. दिला आईने, माझे तर फक्त पाय. दुसऱ्याच्या शब्दात आपण कसा बदल करणार? मी बूट परत ठेवले आणि म्हणाले, "मी थांबते, दादा." मोहनदादांनी मान डोलावली.

सकाळी सगळे गेले. जाताना रुबिनाने मला वस्तीतल्या एका घरी नेऊन सोडलं. त्या घरातल्या बाईला सगळे आमा, म्हणजे आई, म्हणत. नवरा भारताच्या फौजेत होता, त्यामुळे तिला थोडं हिंदी येई. माझं हिंदी मार्केटातलं. मी उंबऱ्यावर बसले आणि वर जाणाऱ्यांचे ठिपके वळणाआड जाईपर्यंत बघत राहिले. रडू येत होतं, पण परक्या घरी सणाच्या दिवशी रडायचं नाही म्हणून आवरलं. आमाने मला आत बोलावलं. चुलीवर नाचणीचं पीठ उकळत होतं, ती ते लाकडाने ढवळत होती. घट्ट गोळा झाल्यावर तिने तो ताटलीत घालून आंबट भाजीच्या कढणाबरोबर माझ्यापुढे ठेवला. चव गावाकडची होती, कढण तेवढं नवीन. मी ते कसलं म्हणून विचारलं. तिने सुकवलेली पानं आणून माझ्या तळहातावर ठेवली. मी वास घेतला, चावून पाहिली. ती हसली. मग मी ढवळायचं लाकूड मागितलं, चूल बघितली, वर धुराने काळी झालेली टांगलेली कणसं बघितली. मला विचारायचं सुचत होतं आणि लाज वाटत नव्हती, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

खोलीच्या आतल्या अंधाऱ्या कोपऱ्यात काहीतरी पिवळं दिसत होतं. डोळे सरावले तसं कळलं. पानांच्या द्रोणात माती, त्यात उगवलेली पाती, शेजारी पाण्याचा घट, पुढे दिवा. मी तशीच उभी राहिले. आमची पाती जरा हिरवी, ही अंधारात ठेवल्यामुळे सोन्यासारखी पिवळी. बाकी सगळं तेच. एवढी गाडी, एवढी बस, एवढं चालणं करून मी आईच्या कोपऱ्यासमोर येऊन उभी होते. मी त्या पात्यांकडे बोट दाखवलं, मग माझ्या पायांकडे दाखवलं. आमाने एकदा तिकडे, एकदा इकडे बघितलं. काल संध्याकाळी मला जे सांगायला एवढा घाम फुटला होता ते हिला एका क्षणात कळलं. तिने मला खाली बसवलं, मोहरीचं तेल कोमट केलं आणि माझ्या तळपायांना चोळलं. मी पाय ओढून घेत होते, मोठ्या बाईने आपल्या पायांना हात लावायचा नसतो. तिने ऐकलं नाही.

दुपारी ती मला घेऊन वस्तीच्या वरच्या माळावर गेली. तिथे चार उंच बांबू रोवून, वर एकत्र बांधून, दोरांचा मोठा झोका केला होता. बायका, मुली, म्हाताऱ्यासुद्धा आळीपाळीने चढत होत्या. एक आजी तर लुगडं वर खोचून उभी राहून झोके घेत होती आणि खालून सगळ्या तिला चिडवत होत्या. आमाने मला पुढे ढकललं. मी मागे सरले. इतक्या परक्या बायकांसमोर झोक्यावर चढायचं माझ्याच्याने होईना. आमा माझ्या कानाशी म्हणाली, "इन दिनों में एक बार पाँव जमीन से छूटना चाहिए. हमारा नियम है."

मला मजा वाटली आणि भीतीही. घरचा नेम पाय जमिनीला लागलेले ठेवायचा, यांचा नेम ते सोडवायचा, आणि देवी तर एकच. आता कुणाचं ऐकायचं? आईच्या शब्दात झोक्याचं काही नव्हतं. मी दोर धरले आणि फळीवर बसले.

दोघींनी मागून ढकललं. पहिल्या झोक्याला मी डोळे मिटले होते. दुसऱ्याला उघडले, तेव्हा नुसते बांबू आणि आभाळ. मग झोका चढत गेला, आणि एकदा अगदी वर गेल्यावर आडव्या डोंगराच्या मागून पांढरं काहीतरी वर आलं. झोका खाली आला तसं ते गेलं. पुन्हा वर गेले, पुन्हा आलं. या वेळी जास्त. एक अख्खं शिखर, त्याच्या शेजारी दुसरं, इतकी पांढरी की त्यांच्या कडा निळ्या वाटत होत्या. वर गेले की ती उगवत आणि खाली आले की मावळत. जमिनीवर उभ्या असलेल्या कुणालाच ती दिसत नव्हती. झोका मंद झाला तशी ती दिसेनाशी झाली आणि बायकांनी दोर धरले, कारण पुढची मुलगी वाट बघत होती. आमच्या घरात मी कधी दुसऱ्यांदा भाजी मागितली नव्हती. मी दोर सोडले नाहीत. आमाकडे बघून म्हणाले, "और." सगळ्या हसल्या. जिची पाळी होती ती मुलगीच मागे आली आणि तिने मला ढकललं.

संध्याकाळी सगळे परत आले, लाल झालेल्या नाकांनी, एकाच वेळी बोलत. रुबिनाने माझ्यासाठी डब्यात बर्फ भरून आणला होता, त्याचं येईपर्यंत पाणी झालं होतं. ती फार हिरमुसली. मी ते पाणी पिऊन टाकलं, दातांना कळ आणणारं गार होतं, त्याला डब्यातल्या लोणच्याचा वास होता. तिने विचारलं, दिवसभर काय केलंस? मी म्हणाले, झोका खेळले. तिने मला जवळ घेतलं, तिला वाटलं मी मन रमवायला सांगतेय. मी आणखी काही सांगितलं नाही.

घरी आले तेव्हा आईने घट हलवलेले होते. तिने आधी देवळातला प्रसाद मागितला, तो मी वाटेत घेतला होता. मग आबा आले, चहा झाला, कपाळावरच्या पट्ट्याचं मी सांगितलं. त्यांनी स्वतःच्या कपाळाला हात लावून बघितला आणि म्हणाले, मान ऱ्हाईल का? ते बाहेर गेल्यावर मी आईला बर्फाचं सांगितलं, थांबल्याचं सांगितलं, आणि झोक्याचं सांगितलं. ते सांगताना मला धास्ती होती. नेमात पाय जमिनीवरून सुटलेले चालतात का, हे विचारून टाकलं. आई भाकरी थापत होती. तिचे हात थांबले. तिने खरोखर विचार केला.

"पायात काय घातलं न्हवतंस न्हवं?"

"नाही."

"मग झालं."

तिने भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं. मी उठायला लागले तर म्हणाली, "बस." भाकरी उलटली, काठ दाबले, तव्यावरून काढून स्टोव्हच्या जाळाशी उभी धरली. आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "किती वर जात होता गं त्यो झोका?"

मी हात वर करून दाखवला. तिने माझ्या हाताकडे पाहिलं, मग वर पत्र्याकडे, आणि म्हणाली, "आता तितनं काय दिसलं ते सांग. सावकाश."